मुंबई उच्च न्यायालय : वहिवाट, पोथी आणि साक्षीपुरावा (१८६२ ते १९४७)

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १४ ऑगस्ट १८६२ रोजी झाली, हे कोर्टाच्या आवारातला नवशिका ज्युनिअरही सांगेल. मात्र त्या दिवशी काही अगदी नवे निर्माण झाले असे नाही. दोन जुन्या घरांची सोयरीक जुळली, इतकेच. एक घर सुप्रीम कोर्टाचे. मेयर्स कोर्ट (१७२६ ची सनद), रेकॉर्डर्स कोर्ट (१७९८) आणि १८२४ मध्ये सुरू झालेले सुप्रीम कोर्ट अशी त्याची वंशावळ. त्याचा अंमल मुख्यतः मुंबई बेटापुरता, कायदा बहुतांशी विलायती आणि वकिली बॅरिस्टरांची. दुसरे घर सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालतीचे. पुणे, सातारा, धारवाड, सुरत अशा मुलखातून येणारी अपिले तिथे चालत. १८६१ च्या कायद्याने आणि २६ जून १८६२ च्या सनदेने ही दोन्ही घरे एका छपराखाली आली आणि सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. सोयरीक जमली तरी चुली वेगळ्याच राहिल्या. ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड हा भेद त्या दिवसापासूनचा आहे आणि बारमधल्या मंडळींना तो अजूनही जाणवतो.

या स्मरणिकेत इमारतीवर स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे दोनच ओळी. कर्नल फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. मंजूर रक्कम होती १६,४७,१९६ रुपये आणि प्रत्यक्ष खर्च झाला त्याहून २,६६८ रुपयांनी कमी. सरकारी बांधकामाच्या इतिहासात हा निकालही नजीर म्हणून छापून ठेवण्यासारखा आहे.

आता मुद्द्याचे. मालमत्ता, कुटुंब आणि गुन्हा या तिन्ही बाबतींत या न्यायालयाने पाऊणशे-ऐंशी वर्षांत जे निकाल दिले, त्यांचे मूळ एका जुन्या कलमात सापडते. गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जी रेग्युलेशने केली, त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात न्यायाधीशाने कोणत्या क्रमाने काय पाहावे ते सांगितले आहे. आधी लिखित कायदा, तो नसेल तर मुलखातली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचे धर्मशास्त्र आणि काहीच हाती लागले नाही तर न्याय, समता व सद्‌बुद्धी. बंगालमध्ये कोर्टाची भिस्त पोथीवर. इथे वहिवाट पोथीच्या वर बसली. एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातीजातींच्या चालीरीती विचारून नोंदवल्या. बोराडेलने गुजरातेत तोच उद्योग केला.

वहिवाटीला मान मिळाला खरा, पण वहिवाट काही कपाटात ठेवलेली नसते. ती कुणीतरी कोर्टात येऊन शपथेवर सांगावी लागते. कुणाचे सांगणे खरे धरले, यावर निकाल फिरला. या न्यायालयाचा वसाहतकाळातला सगळा इतिहास मला तरी याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

उच्च न्यायालय होण्यापूर्वीचेच उदाहरण घ्या. १८४७ मध्ये सुप्रीम कोर्टात सर एर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजातल्या मुलींचे दावे आले. आम्ही मुसलमान आहोत, तेव्हा वडिलांच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे आमचा हिस्सा निघतो, असे त्यांचे म्हणणे. समोरच्या बाजूने सांगण्यात आले की आमच्या जमातीत मुलीला वारसा मिळत नाही, तिची बोळवण लग्नात होते. जमातीतल्या मंडळींच्या साक्षी झाल्या आणि पेरींनी वहिवाट सिद्ध झाल्याचे मान्य करून मुलींचे दावे फेटाळले. धर्मग्रंथ मुलींच्या बाजूने आणि वहिवाट त्यांच्या विरुद्ध, असा हा पेच. सुधारणेच्या इतिहासात आपण नेहमी उलटे ऐकतो, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

हिंदूंच्या बाबतीत चित्र वेगळे झाले, आणि त्याला कारण काही विद्वान माणसे. १८६४ च्या कायद्याने कोर्टातले शास्त्री-पंडित आणि काझी यांची नेमणूक बंद झाली. तोवर न्यायाधीश प्रश्न लिहून देत आणि शास्त्री आपले मत, म्हणजे व्यवस्था, लिहून देत. पुढे न्यायमूर्ती झालेले रेमंड वेस्ट आणि एल्फिन्स्टन कॉलेजातले संस्कृतज्ञ ब्यूलर यांनी या व्यवस्था गोळा करून वारसा आणि वाटणीवर डायजेस्ट छापले. शास्त्री गेले, पण त्यांची उत्तरे बांधीव पुस्तकात राहिली आणि बॅरिस्टर ती उद्‌धृत करू लागले. पुढे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले. मंडलिक स्वतः अपेलेट साइडचे नावाजलेले वकील, त्यामुळे ग्रंथ आणि अशील या दोहोंचा त्यांना सराव होता.

या पायावर मिळकतीचा जो कायदा उभा राहिला, त्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या बायकांना बाकी हिंदुस्थानापेक्षा बरेच जास्त मिळाले. इथे बहीण भावाची वारस ठरली. मुलीला बापाची मिळकत मिळाली तर ती पूर्ण मालकीने, केवळ हयातीपुरती नव्हे, हे १८८६ च्या ‘भागीरथीबाई विरुद्ध कान्होजीराव’ खटल्यात पूर्णपीठाने पक्के केले. गोत्रज सपिंडांच्या विधवाही वारस धराव्यात, हे मुंबईचे मत ‘लल्लूभाई विरुद्ध काशीबाई’ या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, १८८० मध्ये उचलून धरले. सून, भावजय, चुलती अशा बायकांना बंगाल-मद्रासच्या कोर्टात दारातूनच परत जावे लागले असते. मुंबईत त्यांचे नाव निदान वारसांच्या यादीत बसले. नवऱ्याने परवानगी दिली नसली तरी विधवेला दत्तक घेता येतो, हेही इथलेच वैशिष्ट्य. १८६८ च्या ‘रखमाबाई विरुद्ध राधाबाई’ या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब झाले. (ही रखमाबाई वेगळी. प्रसिद्ध रखमाबाईकडे पुढे येतो.)

दत्तकाचा हा हक्क मात्र सरळ राहिला नाही. अविभक्त कुटुंबातल्या विधवेला सासरच्या भाऊबंदांची संमती हवी, असे पूर्णपीठाने १८७९ मध्ये ‘रामजी विरुद्ध घमाऊ’ या खटल्यात ठरवले. गावाकडे या एका वाक्याने किती दत्तक अडले असतील याची कल्पना करावी, कारण संमती द्यायची ती ज्यांचा हिस्सा कमी होणार त्यांनीच. प्रिव्ही कौन्सिलने ही अट उडवली तेव्हा १९३० उलटून गेले होते. पुढे १९४३ मध्ये ‘अनंत भिकाप्पा पाटील विरुद्ध शंकर रामचंद्र पाटील’ या खटल्यात त्याच कौन्सिलने दत्तकाचा परिणाम इतका मागे नेला की, एकदा भाऊबंदांकडे गेलेली वतनी जमीन दत्तकपुत्राने परत घेतली. तोवर त्या जमिनीचे व्यवहार झाले होते, कर्जे निघाली होती. दिवाणी वकिलांना या निकालाने पुढची कित्येक वर्षे काम पुरवले.

बापलेकांच्या वाटणीतला एक निकाल वेगळा सांगण्यासारखा आहे, कारण त्यात हरलेले मत जिंकलेल्यापेक्षा जास्त वाचले गेले. बाप हयात आहे, आपल्या भाऊबंदांशी एकत्र आहे आणि मुलगा म्हणतो मला माझा हिस्सा तोडून द्या. बापाची संमती नसेल तर असा दावा चालेल का? ‘आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी’ या खटल्यात १८९१ मध्ये पूर्णपीठाच्या बहुमताने उत्तर दिले, नाही. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी एकट्याने विरोधी मत लिहिले. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे मुलाचा हक्क जन्मापासून आहे, तर त्याला वाटणी मागण्यापासून अडवता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आणि तो मूळ संस्कृत वचनांवर उभा. इतर प्रांतांच्या कोर्टांनी तेलंगांच्याच बाजूचा नियम पाळला. मुंबईत मात्र बहुमताचा निकाल राहिला. तेलंग १८९३ मध्ये अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले आणि त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. पोथी वाचता येणारा न्यायाधीश आणि पोथी दुसऱ्याकडून वाचून घेणारा न्यायाधीश यांच्यातला फरक पाहायचा असेल, तर हा निकाल मुळातून वाचावा.

मिळकतीत सैल असलेला हात लग्नाच्या बाबतीत एकदम आवळलेला दिसतो. ब्राह्मणेतर बहुसंख्य जातींत पाट-मोहतुराची म्हणजे पुनर्विवाहाची आणि काडीमोडीची म्हणजे घटस्फोटाची चाल होती. जातपंचायत त्याला मान्यता देई. इथे २६ व्या कलमाप्रमाणे वहिवाट चालायला हरकत नव्हती. तरी न्यायालयाने ती अनीतीची म्हणून बाजूला सारली. नवऱ्याने सोडचिठ्ठी दिली नसताना जातीने दिलेली पुनर्विवाहाची परवानगी कोर्ट मानणार नाही, असे १८७६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती वेस्ट्रॉप यांच्या काळात ‘रेग विरुद्ध शंभू रघू’ या खटल्यात ठरले. म्हणजे पंचायतीच्या दृष्टीने ज्या बाईने रीतसर पाट लावला, ती फौजदारी कोर्टात पहिला नवरा हयात असताना दुसरा करणारी गुन्हेगार ठरू शकत होती.

त्याहून खोल घाव १८९६ च्या ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या पूर्णपीठाच्या निकालाचा. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला तो ज्यांच्यात पुनर्विवाह निषिद्ध होता त्यांच्यासाठी. त्याच कायद्यात एक कलम होते, की पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. ज्या जातींत पाट पूर्वीपासून चालत होता त्यांनाही हे कलम लागू आहे, असे मुंबईने ठरवले. अलाहाबादच्या कोर्टाने बरोबर उलटे मत दिले होते. ज्या बाईला पाट लावायला कोणत्याही कायद्याची गरज नव्हती, तिची जमीन तिच्या उद्धारासाठी केलेल्या कायद्याने गेली.

रखमाबाईंच्या खटल्याची सुरुवातही या हक्कबुडीतूनच होते, हे सहसा सांगितले जात नाही. त्यांच्या आईने, जयंतीबाईंनी, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे केली. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले, पण त्या माहेरीच राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला. बायकोच्या नावची मिळकत हा त्या वादातला न बोललेला भाग होता, असे त्या काळीही बोलले जाई.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे सरळ होते. नांदवण्याचा असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो विलायती कायद्यातून इथे आला आहे. तिकडेही तो एकदा एकत्र राहिलेल्या जोडप्यासाठी असतो. जिने कधी संसार केलाच नाही, तिला बळेच पाठवणे रानटीपणाचे ठरेल. पुण्या-मुंबईत रण माजले. टिळकांच्या वृत्तपत्रांनी पिन्हेंवर टीकेची झोड उठवली, तर मलबारी आणि इतर सुधारक मंडळी रखमाबाईंच्या मागे उभी राहिली. गंमत अशी की, हिंदू धर्म धोक्यात आला म्हणणारे ज्या उपायासाठी भांडत होते, तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कोर्टांतून आलेला होता. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात पिन्हेंचा निकाल रद्द केला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करू म्हणून सांगितले. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेला रुजू झाल्या.

फौजदारीत वहिवाटीला जागा नव्हती. १८६० चा पीनल कोड सगळ्यांना सारखा. तरी एक निकाल कुटुंबाच्या उंबऱ्यातलाच आहे आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो. १८७६ चा ‘रेग विरुद्ध गोविंदा’. गोविंदा अठरा वर्षांचा, बायको पंधरा वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्के घातले. ती जमिनीवर पडली, तेव्हा एक गुडघा तिच्या छातीवर रोवून त्याने तोंडावर दोनतीन ठोसे मारले. त्यातल्या एकाने मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. हा खून की सदोष मनुष्यवध? न्यायमूर्ती केंबॉल आणि नानाभाई हरिदास यांचे एकमत होईना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेल्व्हिल यांच्याकडे गेले. त्यांनी कलम २९९ आणि ३०० यांची पोटकलमे शेजारीशेजारी मांडली आणि फरक दाखवला. मृत्यू येण्याचा संभव असलेली दुखापत वेगळी आणि सर्वसाधारणपणे मृत्यू यायला पुरेशी असलेली दुखापत वेगळी. गोविंदाला सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकालाची तर्कशुद्धता निर्विवाद आहे. पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे नाव मात्र खटल्याच्या मथळ्यात नाही आणि वर्गात कुणी विचारतही नाही.

राजद्रोहाच्या खटल्यांवर मराठीत एवढे लिहिले गेले आहे की, इथे दोनच गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली ज्युरीची. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे टिळकांना दोषी ठरवले ते सहा युरोपियनांनी. तीन हिंदी ज्युरर निर्दोष म्हणत होते. लेख मराठीत आणि बहुसंख्य ज्युरी भाषांतरावर अवलंबून! सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, इथवर स्ट्रॅचींनी कलमाचा अर्थ ताणला. शिक्षा अठरा महिने. १९०८ मध्ये टिळक सुमारे एकवीस तास स्वतः बोलले, त्यातला बराच वेळ सरकारी भाषांतरातल्या चुका दाखवण्यात गेला. तरी निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षे मंडाले.

दुसरी गोष्ट दिनशा दावर यांची. १८९७ मध्ये बॅरिस्टर दावर यांनी टिळकांसाठी जामीन मागितला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. १९०८ मध्ये बॅरिस्टर जिनांनी तसाच अर्ज केला, तेव्हा न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. त्यांनी अर्ज नाकारला आणि पुढे शिक्षाही त्यांनीच सुनावली. १९१६ मध्ये मात्र चांगल्या वर्तणुकीच्या जामीनकीच्या प्रकरणात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी टिळकांविरुद्धचा हुकूम रद्द केला. त्या वेळीही वकील जिनाच होते.

मालमत्ता, कुटुंब आणि फौजदारी या तिन्हींची गाठ एकाच प्रकरणात पाहायची असेल तर ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्राने टिळक, खापर्डे वगैरे विश्वस्त झाले. १९०१ मध्ये औरंगाबादेत बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराज यांनी जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरचे बाळा महाराज दत्तक घेतले. मामला विधवेच्या दत्तकाचा, पण औरंगाबादेत दत्तविधान झाले की नाही यावर टिळकांनी दिलेली साक्षच खोटी ठरवून त्यांच्यावर फौजदारी झाली. मॅजिस्ट्रेटने दीड वर्षाची शिक्षा दिली, सेशन्सने ती सहा महिन्यांवर आणली आणि मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स यांनी टिळकांना निर्दोष सोडले. दिवाणी शाखा पुढे चालूच. खालच्या कोर्टात टिळक जिंकले, १९१० मध्ये उच्च न्यायालयात हरले आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक कायम केले. उच्च न्यायालयाने ज्यांच्या साक्षी अविश्वसनीय मानल्या, त्यांवर सात समुद्रापलीकडच्या लॉर्डांनी विश्वास ठेवला.

कुणाचे सांगणे खरे धरायचे, हा प्रश्न शेवटचा मोठ्या रूपात आला तो महाडहून. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांना खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह त्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला, की तळे ‘चौधरी तळे’ म्हणून आमच्या खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. प्रतिवादी क्रमांक एक डॉ. आंबेडकर, स्वतः याच उच्च न्यायालयात वकिली करणारे. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला आणि पुढे उठला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात आणि १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलात वादी हरले, आणि दुसरे अपील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे आले. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश.

१७ मार्च १९३७ चा त्यांचा निकाल छोटा आणि कोरडा आहे. तळे नगरपालिकेचे. ते मोठे, नैसर्गिक पाण्याचे. सवर्णांखेरीज कुणी तिथे पाणी भरत नव्हते, एवढे साक्षीदारांनी सांगितले तरी इतरांना अडवण्याचा हक्क अनादी काळापासून चालत आला आहे, हे त्यातून निघत नाही. अपील फेटाळले. नव्वद वर्षांपूर्वी पेरींच्या कोर्टात जमातीच्या मंडळींचे तोंडी सांगणे पुरले होते, इथे ते पुरले नाही. माझ्या मते वहिवाटीच्या पुराव्याचा कस लावण्यात या न्यायालयाने केलेली ही सर्वांत मोठी प्रगती आहे. पण तिची मर्यादाही निकालातच लिहिलेली आहे. वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता. ती सिद्ध झाली नसल्याने त्यात शिरण्याचे कारण उरत नाही, असे म्हणून न्यायमूर्तींनी तो प्रश्न खुला ठेवला. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात आले. तिथे विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या दाव्यातले प्रतिवादी क्रमांक एक होते.